निवारा पुरेसा नाही: शहरातले बेघर आणि समाजकार्याची दिशा

मतदार यादीच्या नियमांत बेघर माणसासाठी एक वेगळी तरतूद आहे. ज्याला घर नाही त्याने नावनोंदणीच्या अर्जात आपण रात्री कुठे झोपतो ती जागा लिहायची, आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने (बीएलओने) रात्री तिथे जाऊन हा माणूस खरोखरच तिथे झोपतो का याची एकाहून अधिक वेळा खात्री करून घ्यायची. खात्री पटली की पत्त्याच्या कागदी पुराव्याचा आग्रह धरायचा नाही. पुलाखालची जागा किंवा बंद दुकानाची पायरी हा माणसाचा पत्ता असू शकतो, हे आपल्या राज्यव्यवस्थेने असे लेखी मान्य केले आहे. पण मत देण्यापलीकडे त्या पत्त्याची किंमत फारशी नाही. रेशनकार्ड, बँकेचे खाते, मुलाचा शाळाप्रवेश, क्षयरोगाच्या औषधांचा पाठपुरावा या प्रत्येक ठिकाणी तोच माणूस पुन्हा बिनपत्त्याचा ठरतो. आणि मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, 1959 नुसार त्याच जागेवरून त्याला उचलूनही नेता येते. बेघरांसोबत काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्यांचा बहुतेक दिवस या विसंगतीशी झगडण्यात जातो. गेल्या शंभर वर्षांत त्यांनी या प्रश्नाकडे दयेच्या, सुधारणेच्या, संघटनेच्या, हक्काच्या आणि उपचाराच्या नजरेने पाहिले. प्रत्येक नजरेने काहीतरी कमावून दिले. या साऱ्या अनुभवातून मला जे दिसते ते असे: बेघर माणसाला आधी सुधारायचे, बरे करायचे, कामाला लावायचे आणि मग जमल्यास घराचा विचार करायचा हा आपला क्रमच चुकलेला आहे. टिकाऊ जागा आधी हवी, आणि ती टिकवण्यासाठी काही वर्षे सोबत राहणारा माणूस हवा.

आधी हे लोक कोण आहेत ते पाहू. उघड्यावर, रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, मोठ्या पाइपांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात किंवा फलाटावर राहणाऱ्यांना जनगणना बेघर मानते. 2011 साली देशात असे सुमारे 17 लाख 73 हजार लोक मोजले गेले. त्यांतले 9 लाख 38 हजार शहरांत होते. 2001 ते 2011 या काळात ग्रामीण बेघरांची संख्या घटली आणि शहरी बेघरांची सुमारे वीस टक्क्यांनी वाढली. मुंबईचा आकडा 57 हजारांच्या घरात होता. ही मोजणी एका रात्रीत होते, त्यामुळे रात्रपाळीला गेलेला हमाल, लग्नाच्या केटरिंगमध्ये वाढप्याचे काम करून पहाटे परतणारा तरुण, भीतीपोटी आडोसा शोधणारी बाई यांतले कितीतरी जण सुटतात. प्रत्यक्ष आकडा याहून बराच मोठा आहे, यावर या क्षेत्रात जवळपास एकमत आहे. आणि हे लोक रिकामे बसलेले नसतात. नाक्यावर उभे राहणारे बिगारी, कचरा वेचणारे, गाड्या ओढणारे, सिग्नलवर गजरे आणि फुगे विकणारे, बांधकामावरचे मजूर असे श्रम करणारेच त्यांत बहुसंख्य. त्यांची मिळकत शहरातल्या स्वस्तातल्या स्वस्त खोलीचे भाडे आणि डिपॉझिट यांना पुरत नाही, एवढाच त्यांच्यात आणि झोपडपट्टीतल्या शेजाऱ्यात फरक असतो. काहींना आजाराने रस्त्यावर आणलेले असते. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर फुटपाथवर मुक्काम करणारे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक हे त्याचे ठळक उदाहरण. काहींच्या मागे इतिहास असतो. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्या पारध्यांना तो कायदा 1952 साली रद्द होऊनही गावात जागा मिळाली नाही. शहरात आले तर इथेही पोलिसांचा पहिला संशय त्यांच्यावरच. अशा सगळ्यांना ‘बेघर’ या एकाच खात्यात टाकले की उपायही एकच सुचतो, आणि तो बहुधा त्यांना नजरेआड करण्याचा असतो.

दयेची परंपरा आपल्याकडे जुनी आहे आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा बाहेरगावच्या रुग्णांना आजही आधार देते. परक्या गावात, अडचणीच्या वेळी माणसाला स्वच्छ आणि स्वस्त जागा मिळाली पाहिजे, हा विचार कोणत्याही सरकारी योजनेच्या आधी बाबांनी कृतीत आणला. व्यावसायिक समाजकार्याची सुरुवातही मुंबईतच झाली: 1926 चे नागपाडा नेबरहूड हाउस, तिथे काम करणाऱ्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकारातून 1936 साली निघालेली आणि पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झालेली शिक्षणसंस्था, 1946 साली जे. जे. रुग्णालयात नेमला गेलेला पहिला वैद्यकीय समाजकार्यकर्ता. या मंडळींनी दयेला पद्धत दिली. चौकशी करा, नोंद ठेवा, कुटुंबाशी बोला, मग मदत ठरवा. पण याच पद्धतीला पुढे शासनाने वेगळ्या कामाला जुंपले.

1959 च्या कायद्याने भीक मागणे हा गुन्हा ठरवला, आणि भिकेची व्याख्या इतकी पसरट केली की उपजीविकेचे उघड साधन नसलेला, सार्वजनिक जागी भटकणारा माणूसही तिच्यात बसतो. गाणे म्हणून, कसरत दाखवून, भविष्य सांगून पैसे मागणेही त्यातच. वॉरंटशिवाय पकडता येते, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे आणि पुन्हा पकडले गेल्यास दहा वर्षांपर्यंत डांबता येते. वीसच्या आसपास राज्यांनी आणि केंद्रशासित प्रदेशांनी हा मुंबईचा कायदा उचलला किंवा त्यावर बेतलेला कायदा केला. या व्यवस्थेत परिविक्षा अधिकारी चौकशी करून न्यायालयाला अहवाल देतो. हाताशी वेळ थोडा, समोरच्या माणसाकडे कागद नाही, साक्ष द्यायला कोणी नाही. मग अहवाल ठरावीक मजकुराचा होतो आणि माणूस चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात जातो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या क्षेत्रीय प्रकल्पाने 2006 पासून याच साखळीत काम केले. पकडून आणलेल्यांत मजूर, म्हातारे, आजारी, मनोरुग्ण असे कितीतरी जण असतात ही गोष्ट या कामातून वारंवार पुढे आली. सुटल्यावर हे लोक त्याच फुटपाथवर परततात, फक्त दरम्यान हातचे काम गेलेले असते आणि फुटपाथवरची जागाही. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये सामाजिक कार्यकर्ते हर्ष मंदर यांच्या याचिकेवर निकाल देताना भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली. राज्याने आपले कर्तव्य बजावले नाही आणि वर माणसाला त्याच्या गरिबीबद्दल शिक्षा द्यायची, हे घटनेत बसत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. महाराष्ट्रात कायदा लागूच आहे. जोवर तो आहे तोवर रात्री विचारपूस करायला येणारी बाई कार्यकर्ती आहे की उचलून नेणाऱ्या गाडीची पुढची माणूस, हे फुटपाथवरच्या कुटुंबाला कळायला मार्ग नाही. विश्वासाशिवाय या कामात काहीच होत नाही, आणि हा कायदा त्या विश्वासाच्याच मुळावर येतो.

याउलट संघटनेच्या वाटेने काय साधते ते मुंबईनेच दाखवले. जुलै 1981 मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून मूळ गावी पाठवण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध पत्रकार ऑल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी न्यायालयात गेले. याचिकाकर्त्यांपैकी एकजण 1961 साली तमिळनाडूतल्या सेलमहून कामाच्या शोधात आलेला मजूर होता. पालिकेने झोपडे पाडून त्याला सहकुटुंब सेलमच्या बसमध्ये बसवले; बायको-मुली गावी राहिल्या आणि तो कामासाठी पुन्हा मुंबईत, पुन्हा फुटपाथवर आला. हटवण्याच्या धोरणाचे अपयश याहून स्पष्ट कोणता अहवाल सांगेल? 10 जुलै 1985 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो असे सांगितले, मात्र नोटीस देऊन आणि पावसाळा संपल्यावर हटवण्याची मुभा पालिकेला राहिली. निकालाचा मोठेपणा आणि त्याची मर्यादा, दोन्ही लक्षात ठेवण्यासारखी आहेत. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने सुमारे सहा हजार फुटपाथवासी कुटुंबांची पाहणी केली आणि पुढे भायखळ्याच्या परिसरातल्या बायकांनी ‘महिला मिलन’ उभे केले. त्यांनी रोजची थोडीथोडी बचत केली, घरांचे आराखडे स्वतः मांडले, जागेसाठी वर्षानुवर्षे शासनाचे दरवाजे ठोठावले. 1995 च्या झोपडपट्टी पुनर्वसन धोरणात फुटपाथवासीयांनाही पात्र धरले गेले आणि पुढे त्यांतली काही कुटुंबे मानखुर्दच्या मिलन नगरात स्वतःच्या घरात राहायला गेली. इथे कार्यकर्त्यांनी कोणालाही ‘वाचवले’ नाही. घर कसे मिळवायचे हे लोक शिकले आणि कार्यकर्ते त्यांच्या बाजूला उभे राहिले. हा मार्ग लांबचा होता आणि मुख्यतः कुटुंबांना जमणारा होता. एकट्या पुरुषाला, निराधार म्हातारीला, मनोरुग्णाला त्यात जागा नव्हती.

त्या एकट्या माणसांचा प्रश्न 2000 नंतर दिल्लीने ऐरणीवर आणला. ‘आश्रय अधिकार अभियान’ने 2000 साली दिल्लीत फिरून 52 हजार 765 बेघर मोजले. जानेवारी 2010 मध्ये, ऐन थंडीत एक तात्पुरता निवारा पाडल्यानंतर, सर्वोच्च न्यायालयाने अन्नहक्काच्या प्रकरणात मोठ्या शहरांना दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही बारमाही आणि चोवीस तास, चालवण्याचे आदेश दिले. 2013 च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने हाच निकष घेऊन त्यात तपशील भरले: माणशी 50 चौरस फूट जागा, निदान 50 जणांची सोय, स्वयंपाक, स्वच्छतागृह, सामान ठेवायला लॉकर आणि कागदपत्रांसाठी मदत. मुंबईची 2011 ची लोकसंख्या सव्वा कोटीच्या जवळ. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. त्या आकड्याजवळही शहर कधी पोचलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या समितीने 2017 मध्ये देशभराची पाहणी केली तेव्हाही चित्र असेच होते: पैसा आहे, निवारे नाहीत.

आणि आहेत ते निवारे अर्धे रिकामे असतात, हा आक्षेप लगेच पुढे येतो. ‘यांना रस्त्यावरच राहायचे असते’ असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. कार्यकर्त्यांचा अनुभव निराळा आहे. कुटुंबाला निवाऱ्यात जायचे तर नवरा पुरुषांच्या निवाऱ्यात, बायको बायकांच्या, आणि थोडा मोठा झालेला मुलगा तिसरीकडे अशी ताटातूट होते. हातगाडी, भंगाराचे पोते किंवा फुग्यांचा साठा आत नेता येत नाही. दादरला फुले विकणारीला दूरच्या उपनगरातला निवारा दिला तर पहाटेच्या बाजाराला पोचायचे कसे? दारू पिणाऱ्याला आत घेत नाहीत, मानसिक आजार असलेल्याला इतर जण नको म्हणतात, दिव्यांगाला जिना चढता येत नाही. जो माणूस हे सगळे तोलून फुटपाथ निवडतो तो हट्टी नसतो, त्याचा हिशेब चोख असतो. निवारा नाकारणाऱ्यांचे समुपदेशन करा, असे कार्यकर्त्यांना सांगितले जाते. समुपदेशनाची गरज खरे तर निवाऱ्याची जागा आणि नियम ठरवणाऱ्यांना अधिक आहे. अर्थात निवारे हवेतच. थंडी-पावसात, आजारपणात, हिंसेतून पळून आलेल्या बाईसाठी त्यांना पर्याय नाही. पण तो थांबा आहे आणि पुढची वाट कुठे जाते हे ठरवल्याशिवाय थांबे वाढवत राहणे हे धोरण होऊ शकत नाही.

पुढची वाट कशी असते याचे उत्तर सर्वांत अवघड मानल्या गेलेल्या गटाने, म्हणजे मानसिक आजार असलेल्या बेघरांनी दिले आहे. कर्जतच्या ‘श्रद्धा’ पुनर्वसन केंद्रातून डॉ. भरत वाटवानी यांनी रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशभरातल्या त्यांच्या घरी पोचवले. 2018 साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अहमदनगरला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी निराधार मनोरुग्ण स्त्रियांसाठी ‘माउली’ उभी केली. पण ज्यांना परतायला घर नाही, किंवा ज्या घरातूनच छळ होऊन त्या बाहेर पडल्या, त्यांचे काय? चेन्नईच्या ‘बॅनियन’ या 1993 पासूनच्या संस्थेने ‘होम अगेन’ या प्रयोगात चार-पाच जणींना साध्या वस्तीत भाड्याचे घर घेऊन दिले आणि सोबत मदतनीस दिली. स्वयंपाक, बाजारहाट, शेजार, भांडण, सगळे इतरांसारखे. पुढे केरळ आणि महाराष्ट्रातही हा प्रयोग गेला. वर्षानुवर्षे संस्थेच्या भिंतीआड राहिलेल्या बायका वस्तीत राहू शकतात, हे यातून सिद्ध झाले. 2017 चा मानसिक आरोग्य कायदाही समाजात राहण्याचा हक्क मान्य करतो.

परदेशात या विचाराला ‘हाउसिंग फर्स्ट’ म्हणतात. 1992 साली न्यूयॉर्कमध्ये तो सुरू झाला. फिनलंडने 2008 पासून त्याला राष्ट्रीय धोरण बनवले. त्याची सर्वांत काटेकोर तपासणी कॅनडात 2009 ते 2013 या काळात पाच शहरांत, दोन हजारांहून अधिक मनोरुग्ण बेघरांवर झाली. व्यसन सोडण्याची किंवा औषधे घेण्याची अट न घालता ज्यांना घर आणि सोबतीला कार्यकर्ता दिला, त्यांनी दोन वर्षांतला 73 टक्के काळ स्थिर घरात काढला. नेहमीच्या सेवा मिळणाऱ्यांसाठी हे प्रमाण 32 टक्के होते. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की आजार आणि व्यसन यांत दोन्ही गटांत साधारण सारखीच सुधारणा झाली. घर हे सर्व दुखण्यांवरचे औषध नाही. ते फक्त घर आहे, आणि बेघराला नेमके तेच नसते. कॅनडात भाड्याची रिकामी घरे आणि सरकारी भाडेमदत असते, आपल्याकडे तसे नाही, हा फरक मोठाच आहे. पण आपल्या शहरांत चाळी आहेत, वस्त्यांतल्या भाड्याच्या खोल्या आहेत, कामगारांच्या सामायिक खोल्या आहेत. निवाऱ्यात माणशी होणाऱ्या खर्चातला काही भाग डिपॉझिट आणि पहिल्या काही महिन्यांच्या भाड्याला दिला, आणि भाडेकरार संस्थेच्या नावाने केला, तर एकट्या कमावत्या माणसाला खोली मिळणे अशक्य नाही. 2020 ची परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची केंद्रीय योजना स्थलांतरित कामगारांसाठीच निघाली होती. फुटपाथवरच्या माणसाला मात्र त्या घराच्या दारापर्यंत नेणारे कोणी नव्हते.

फुकट दिले की लोक काम सोडतात, हा आक्षेप आता सर्वोच्च पातळीवरही घेतला जातो. फेब्रुवारी 2025 मध्ये शहरी बेघरांच्याच याचिकेची सुनावणी चालू असताना, फुकट धान्य आणि पैसे देऊन आपण परजीवींचा वर्ग तयार करत आहोत का, असा सवाल सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडून आला. आदर राखूनही म्हणावे लागेल की हा प्रश्न या लोकांना लागू पडत नाही. ज्याच्याकडे रेशनकार्ड नाही त्याला फुकट धान्य पोचतच नाही. क्षयरोग्याला पोषणासाठी मिळणारी मासिक रक्कम बँक खात्यात जमा होते. खाते नाही तर रक्कम नाही. सर्वांत कमी सरकारी मदत ज्यांना मिळते तेच रोज पहाटे नाक्यावर उभे असतात. सोयी दिल्या तर गावाकडून लोंढे येतील, हा दुसरा आक्षेप. लोक कामामागे येतात. निवाऱ्यात 50 चौरस फूट मिळावेत म्हणून कोणी शेत सोडत नाही, आणि सोय नसल्यामुळे यायचे थांबलेलेही नाही. सेलमचा तो मजूर याची साक्ष आहे. तिसरा आक्षेप भीक मागायला लावणाऱ्या टोळ्यांचा. मुलांना पळवून भिकेला लावणे हा भयंकर गुन्हा आहे आणि त्यासाठी फौजदारी कायद्यात स्वतंत्र, कडक कलम आहे. ते वापरा. टोळीच्या म्होरक्याला सोडून तिच्या तावडीतल्याला डांबणारा कायदा त्यासाठी लागत नाही.

अखेर प्रश्न येतो तो हे काम करणाऱ्या माणसांचा. सार्वजनिक रुग्णालयात पाय मोडलेला बेघर माणूस दाखल होतो, शस्त्रक्रिया होते, खाट रिकामी करायची वेळ येते. समाजसेवा अधीक्षकाने फोन करायचा तो कोणाला? निवारा आजारी माणसाला घ्यायला कचरतो, वृद्धाश्रम कागद मागतो, नातेवाईक नाहीत. प्लास्टर घातलेला माणूस फुटपाथवर जातो आणि जखम चिघळून परत येतो. पहिल्या उपचारावरचा खर्चही त्यात वाया जातो. रुग्णालय, निवारा, पोलीस ठाणे, रेशन कार्यालय या सगळ्यांत एकाच माणसामागे सातत्याने उभा राहील असा कार्यकर्ता आपल्या व्यवस्थेत नाही. निवारे संस्थांना करारावर चालवायला दिले जातात, कर्मचारी प्रकल्पापुरते असतात, निधी थकला की आधी त्यांचे पगार थांबतात. बेघर माणूस बोलायला लागेपर्यंत कार्यकर्ता बदललेला असतो. त्यात त्याच्या कामाचे मोजमाप किती जणांना ‘उचलले’, किती खाटा भरल्या यावर होते. 2022 पासूनच्या केंद्राच्या ‘स्माइल’ योजनेत शहरे भिक्षावृत्तीमुक्त करण्याचे लक्ष्य आहे. इंदूरने 1 जानेवारी 2025 पासून भीक देण्यावरही बंदी घातली. रस्ता मोकळा दिसला की लक्ष्य पूर्ण, अशी ही रचना आहे. मोजायचे असेल तर एवढेच मोजावे: दोन वर्षांनंतर किती जण एका छपराखाली, स्वतःच्या मर्जीने राहत आहेत?

म्हणून मागण्या साध्या आहेत. महाराष्ट्र विधिमंडळाने 1959 चा कायदा रद्द करावा. महापालिकांनी प्रत्येक वॉर्डात बेघरांसाठी समाजकार्यकर्त्यांची कायम पदे निर्माण करावीत. मुंबई, पुणे, नागपूरची समाजकार्य महाविद्यालये दरवर्षी प्रशिक्षित तरुण बाहेर पाठवतात, त्यांना या कामात यायचे तर नोकरीची हमी हवी. निवडणूक आयोग जो पत्ता मानतो तोच रेशन आणि बँकेनेही मानावा. निवाऱ्याच्या निधीतला ठरावीक वाटा भाड्याच्या खोल्यांसाठी राखावा. यातले काहीही शासन आपणहून करणार नाही, आणि निवाऱ्याला पहिला विरोध बहुतेकदा आसपासच्या सोसायट्यांतूनच होतो. तुमच्या गल्लीत निवारा किंवा बेघरांसाठी भाड्याची खोली होणार असेल आणि विरोधाचा अर्ज सहीसाठी दारात आला, तर त्यावर सही करू नका. वॉर्ड ऑफिसात जाऊन ती जागा व्हावी म्हणून अर्ज द्या.